बाकी कार्डावर आहे

महाडमधल्या बऱ्याच हॉटेलांची मेनूकार्डं मी लिहिलेली आहेत. पाहुण्यांसमोर हे वाक्य टाकलं की त्यांना वाटतं, गृहस्थ मोठा खवय्या असणार. प्रत्यक्षात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडाटा आणि मेनूकार्डं असं तीन प्रकारचं ललित साहित्य माझ्या दुकानातून बाहेर पडतं. तिन्हींमध्ये कल्पनाशक्तीला सारखाच वाव असतो.

हॉटेलमालक येतो तो सिगारेटच्या पाकिटाच्या मागे सहा पदार्थ लिहून. ते टाईप केल्यावर पान रिकामं दिसतं. मग तो म्हणतो, "चायनीज टाक."

"तुमच्याकडे चायनीज मिळतं?"

"नाही. पण कार्ड भरल्यासारखं दिसेल."

अशा रीतीने सहाचे साठ होतात. पनीरचे चौदा प्रकार माझ्या संगणकात कायमचे तयार आहेत. गिऱ्हाईक कोणीही असो, ते मी तसेच्या तसे चिकटवतो. एकदा घाईत 'मटण सुके'चं 'मटण सुखे' झालं. दुरुस्त करतो म्हटलं तर मालक म्हणाला, "राहू दे, वाचून बरं वाटतं." पापलेटच्या पुढे किमतीच्या रकान्यात मी 'साईजप्रमाणे' असं लिहितो. आजवर टाईप केलेल्या शब्दांतला तो सगळ्यात महागडा शब्द आहे. मालक पापलेटची साईज टेबलाशी आणून दाखवतो आणि गिऱ्हाइकाची साईज लांबूनच ओळखतो.

तर इतकं सगळं लिहून मी खात मात्र घरीच होतो. दुकानापासून घर पाच मिनिटांवर. पण लेकीच्या बाळंतपणासाठी बायको तीन महिने पुण्याला गेली आणि मी दुपारचा रस्त्यावर आलो. तेव्हा ठरलं की स्वतः लिहिलेलं एकदा खाऊनही बघावं. लेखकावर अशी वेळ सहसा येत नाही.

सोबतीला तिघे तयार झाले. पहिले मास्तर. पोलादपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून आयुष्य घालवून निवृत्त झालेले. दुसरा केमिकल. वीस वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे आणि त्याच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिलेला आहे. त्यामुळे चवीचा अंतिम निकाल तोच देतो. त्याला वास येत नाही, पण मतं येतात. तिसरा डबा. हा बँकेत असतो. त्याचा घरचा डबा रोज येतो आणि संध्याकाळी तो रिकामाच घरी गेला पाहिजे, अशी त्याच्या घरची शिस्त आहे. तेव्हा आम्ही हॉटेलात जेवायला बसलो की आधी टेबलाखाली त्याचा डबा संपवायचा. समोरच्या भिंतीवर पाटी असते, 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत.' पाटी माझीच. लॅमिनेशनसकट.

जेवायचा दिवस ठरवणं हे पहिलं संकट होतं. आठवड्याला सात वार असतात, पण ते आमच्यावरच केलेले वार आहेत हे तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. सोमवारी डब्याचा शंकर. मंगळवारी माझा गणपती, म्हणजे खरं तर बायकोचा, पण ती पुण्याला गेली तरी उपास माझ्याकडे ठेवून गेली होती. गुरुवारी केमिकलचे दत्तगुरू. शनिवारी मारुती, आणि मारुतीशी कोणीच वाकडं घेत नाही. रविवारी घरचं मटण सोडून हॉटेलात जेवणं म्हणजे घर मोडल्याची जाहीर नोटीस. शुक्रवारी केमिकलची शिफ्ट. राहता राहिला बुधवार. तोही संकष्टीला आला की गेला. श्रावण, चातुर्मास, घटस्थापना ही मोठी गिऱ्हाईकं वेगळीच. मास्तर म्हणाले, "आपल्याकडे माणसं मांसाहारी नसतात रे, वार मांसाहारी असतात."

पहिल्या बुधवारी आम्ही बाजारातल्या एका हॉटेलात शिरलो. कार्ड माझंच, चार पानी. मी ते उघडून बसलो, जसा कवी स्वतःचा संग्रह उघडतो. केमिकलने पहिल्या पानावरचं मागितलं, डब्याने दुसऱ्या, मास्तरांनी तिसऱ्या. टेबलाशी उभा असलेला मुलगा सगळं शांतपणे ऐकून घेत होता. मग त्याने एका दमात सांगितलं, "सुरमई आहे, बांगडा आहे, चिकन आहे, अंडाकरी आहे. बाकी कार्डावर आहे."

या एका वाक्यात या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान आलं. जे आहे ते तोंडावर आहे आणि जे नाही ते कार्डावर आहे. पुढच्या तीन महिन्यांत आम्ही कितीतरी ठिकाणी बसलो. टपऱ्या, खानावळी, 'फॅमिली रूम'चा पडदा लावलेली हॉटेलं. सगळीकडे हेच. कार्ड वाचणारा माणूस परगावचा, हे वेटर ओळखून असतो. रायगड बघून आलेली पुण्या-मुंबईची मंडळी कार्डाची मागची बाजूसुद्धा वाचतात. इथला माणूस खुर्चीत बसता बसता विचारतो, "काय आहे?"

दुसरी गंमत नावांची. हॉटेलांच्या पाट्यांवर कोल्हापुरी आहे, मालवणी आहे, खानदेशी आहे, पंजाबी तर आहेच. मालवण इथून तीनशेवर किलोमीटर. तरी सावित्रीच्या काठावर शिजलेल्या बांगड्याला आपण मालवणचे आहोत असं सांगावं लागतं. एका 'अस्सल मालवणी' हॉटेलाच्या मुदपाकखान्यात मी कार्डाची उधारी मागायला गेलो होतो. आचारी झारखंडचा होता. त्याने मालवण पाहिलं नव्हतं आणि समुद्रही पाहिला नव्हता. पण त्याचा रस्सा चांगला होता. 'महाडी' किंवा 'पोलादपुरी' असं मात्र आजवर एकाही मालकाने माझ्याकडून टाईप करून घेतलेलं नाही. मी सुचवून पाहिलं. मालक म्हणाला, "महाडी म्हणजे काय?" मला सांगता येईना. रोज घरी खातो त्याला कधी नाव देतो का आपण?

महाड संपत आल्यावर आम्ही पोलादपूरकडे वळलो. वीसेक किलोमीटर अंतर, केमिकलची गाडी. वाटेत महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या पाट्या. २०११ साली ते काम सुरू झालं तेव्हा माझी लेक शाळेत होती. डब्याचं म्हणणं असं, की हॉटेलातली ऑर्डर यायला उशीर झाला की या रस्त्याकडे बघावं, मन शांत होतं.

पोलादपूर हे दोन घाटांच्या तोंडाशी बसलेलं गाव. एक रस्ता आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वरला जातो, दुसरा कशेडीवरून खेडला. त्यामुळे इथल्या जेवणाला एकच मोठा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेला आहे. घाटाआधी जेवायचं की घाटानंतर? आधी जेवलं तर वळणावळणावर जेवण आठवतं. नंतर जेवायचं म्हटलं तर वळणावळणावर भूक आठवते. माझे आजोबा घाटाआधीवाले होते, आजी घाटानंतरवाली. चाळीस वर्षांचा संसार त्यांनी एका एसटीत वेगवेगळ्या वेळी जेवून केला.

तिथल्या एका हॉटेलातला वेटर लांबूनच सांगतो, कोण वर चाललंय आणि कोण खाली आलंय. वर जाणारे उत्साहात मिसळ मागतात, जास्तीचा रस्सा मागतात, वर भजी. घाट उतरून आलेल्यांचे चेहरेही उतरलेले असतात. ते खुर्चीवर बसून दोन मिनिटं टेबल हलायचं थांबायची वाट बघतात आणि मग हळूच दहीभात मागतात. गल्ल्यावर आवळासुपारीच्या आणि लिंबाच्या गोळ्यांच्या बरण्या मांडलेल्या असतात. त्यांचा खप घाटावर अवलंबून.

मालक मात्र नाराज होता. कशेडीला बोगदा झाला. ज्या घाटाला पाऊण तास लागायचा तिथून गाडी काही मिनिटांत पलीकडे निघते. घाटाआधी की नंतर, हा प्रश्नच बाद झाला. "भूक लागायलासुद्धा वेळ मिळत नाही माणसाला," तो म्हणाला. "रस्ता वाईट होता तेव्हा धंदा बरा होता हो." प्रगतीचा एवढा नेमका हिशोब मी कुठल्याही अर्थसंकल्पात वाचलेला नाही. आता त्याची सगळी भिस्त आंबेनळीवर आहे. पावसाळ्यात दरड आली की तीही बंद.

पाण्याचं आणि आमच्या हॉटेलांचं नातं सांगायलाच हवं. महाडमध्ये कुठेही जेवायला बसा, गप्पा रंगल्या की मालक उठतो, भिंतीजवळ जातो आणि डोक्याच्या वर हात नेऊन म्हणतो, "पाणी इथपर्यंत होतं." २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या एकदमच बाजारात आल्या होत्या. त्या दिवसांत तळियेला आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडींनी जे केलं ते विनोदी लेखात बसत नाही, तेव्हा तिकडे मी जात नाही. बाजारापुरतं सांगतो. फ्रिज गेले, तांदळाची पोती गेली, माझं झेरॉक्स मशीन गेलं. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखलात मी दुकान उपसत होतो. इतक्यात एक हॉटेलवाला हातात काहीतरी घेऊन आला. चिखल पुसून त्याने ते माझ्यासमोर धरलं. मेनूकार्ड. कोपरासुद्धा सुटला नव्हता. हॉटेलात खायला तांदळाचा दाणा नव्हता आणि पनीरचे चौदाच्या चौदा प्रकार सुखरूप होते. दोघंही हसलो. मग बाहेरगावच्या पोरांनी आणलेल्या खिचडीच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. त्या दिवशी दोघंही कार्डाशिवाय जेवलो, आणि काय आहे, असंही कोणी विचारलं नाही.

आता एका बुधवारची गोष्ट. पाऊस मी म्हणत होता. समुद्रातली मासेमारी बंद, म्हणजे सुरमई-पापलेट फक्त कार्डावर. त्यात केमिकलची शिफ्ट लांबली आणि आम्ही एका खानावळीत पोचलो साडेतीनला. मुलगा टेबलं पुसत होता. आज त्याचं वाक्य नेहमीपेक्षा लहान होतं. "काही नाही. सगळं कार्डावर आहे."

आम्ही उठणार तोच आतून मावशींचा आवाज आला. "आमचं जेवान हाय. चालंल का?"

आत चुलीजवळ कामाच्या माणसांचं जेवण मांडलं होतं. तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, सुकट घातलेलं वांगं आणि एका वाडग्यात मुठ्यांचं कालवण. मुठे म्हणजे शेतातले खेकडे. मावशींच्या नातवाने रात्री बत्ती घेऊन जाऊन धरलेले. आम्ही बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. डबा त्या दिवशी त्याचा डबा उघडायचाच विसरला. केमिकलने डोळे मिटले आणि म्हणाला, "वास येतोय रे." त्याला खरंच वास आला असेल यावर माझा विश्वास नाही. पण वीस वर्षांनी त्याने पहिल्यांदाच 'मीठ कमी आहे' हे वाक्य म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. प्रतिज्ञापत्र माझ्याच दुकानात होईल.

मावशींना विचारलं, हे बाहेर का देत नाही? त्या हसल्या. वाल आदल्या दिवशी भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. "शंभर माणसांचं कोन सोलत बसंल?" म्हणजे बिरडं कार्डावर नव्हतं त्याचं कारण चव नव्हती, नखं होती.

पण आम्ही चौघं शहाणे. मालकाला जाऊन सांगितलं, अहो, खरी चीज तर तुमच्या चुलीपाशी आहे! मालकाच्या डोळ्यांत हिशोब चमकला. आठ दिवसांत तो दुकानात आला आणि मी माझ्या हाताने टाईप केलं, 'स्पेशल कोकणी बिरडं हंडी (काजू घालून)'. खाली डब्याच्या आग्रहावरून 'पनीर बिरडं'सुद्धा. वर चमकदार लॅमिनेशन. पुढच्या बुधवारी आम्ही मोठ्या ऐटीत जाऊन बसलो. कार्ड न उघडता मी म्हटलं, "चार बिरडी."

मुलगा म्हणाला, "बिरडं ना? ते कार्डावर आहे."

मावशी पुन्हा आतून डोकावल्यासुद्धा नाहीत. बिरड्याला नाव मिळालं, किंमत मिळाली आणि ते चुलीवरून उठून माझ्या संगणकात जाऊन बसलं, पनीरच्या चौदा प्रकारांच्या शेजारी.

त्या दिवशी मी जरा खट्टू होतो. मुलाने सवयीने विचारलं, "पाणी साधं की बाटली?" मास्तरांनी नेहमीप्रमाणे बाटली बाजूला सारली आणि जग ओढला. तीन महिने आम्ही हे बघत होतो. घसा बसलेला असो, पावसाळा असो, मास्तर बाटलीला हात लावत नाहीत. आम्ही त्याला पेन्शनरांचा काटकसरीपणा समजत होतो आणि त्यावर यथेच्छ बोलतही होतो. त्या दिवशीही केमिकल बोलला, "मास्तर, वीस रुपयांनी काय होतंय?"

मास्तरांनी पेला भरला. म्हणाले, "चाळीस रुपयांनी काय होतं ते सांगतो. १९२७च्या मार्चमध्ये इथे परिषद भरली, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. हजारो माणसं आलेली. गावात तळं होतं, पण त्यांना शिवायला बंदी. तेव्हा परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळ्याचं नाव चवदार, आणि चव घ्यायची सोय नाही."

"पण मास्तर," डबा म्हणाला, "तळं खुलं केल्याचा ठराव आधीच झाला होता ना? आम्हाला शाळेत होतं."

"मीच शिकवलं असेल," मास्तर म्हणाले. "झाला होता की. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेचा ठराव. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. व्यवस्थित लिहिलेलं, सह्यानिशी." ते जरा थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे पाणी कार्डावर होतं."

कोणी हसलं नाही. मास्तर घोटभर प्यायले. पुढचं आम्हाला ठाऊक होतं. २० मार्चला बाबासाहेब चालत तळ्यावर गेले, मागून सगळा जनसमुदाय, आणि ते पाणी ओंजळीत घेतलं. नंतर गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन माणसं मांडवावर चालून आली. "तेव्हा बरीच मंडळी जेवणाच्या खटपटीत होती," मास्तर म्हणाले. "अन्न मातीत मिसळलं. आणि मग कोर्ट. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. दहा वर्षं. तुमची ऑर्डर वीस मिनिटं उशिरा आली की तुम्ही मालकाला बोलावता."

केमिकलने बाटली उचलली, बूच न उघडता मुलाच्या हातात परत दिली आणि स्वतःचा पेला जगाखाली धरला. नगरपालिकेचंच पाणी होतं. चवीबद्दल त्याने मत दिलं नाही.

एकाच टेबलावर चौघं बसलो होतो. चार घरं, चार आळ्या, चार देव आणि सात वार. एका जगातून पाणी, एका ताटलीतला कांदा. असं बसण्यात विशेष काय आहे, हे आम्हाला कधी जाणवलंच नव्हतं. बिरड्याचं झालं होतं तेच. रोजचं होतं, म्हणून त्याला नाव नव्हतं.

बायको पुण्याहून परत आली, बुधवार संपले. परवा तो खानावळवाला नवीन कार्ड करायला दुकानात आला. मास्तरही पेपर वाचत बसले होते. मालकाने दर वाढवले, दोन चायनीज वाढवली. 'पाण्याची बाटली, २० रु.' असं शेवटी टाक म्हणाला. मी टाकलं. मग माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी विचारलं, "त्याच्यावर 'साधे पाणी, सर्वांस मोफत' अशी एक ओळ टाकू का? ओळीचे पैसे घेणार नाही."

मालक विचारात पडला. फुकटची ओळ सोडवेना.

मास्तरांनी पेपर खाली घेतला. "नको," ते म्हणाले. "तुझ्या कार्डावर आलेली वस्तू टेबलावर आलेली मी अजून पाहिली नाही. त्यापेक्षा जग भरून ठेवायला सांग त्याला. मागच्या वेळी अर्धाच होता."